कारवानचं पिल्लू आणायचं आहे: कुठून घ्यावं, कसं वाढवावं, शहरात जमेल का?

मृण्मयी_त

नमस्कार. घरात कुत्रा आणायचं एकदाचं ठरलं आहे आणि मला कारवानच हवा आहे. माहेर सांगोल्याकडचं, त्यामुळे ही लांबोड्या तोंडाची, सडपातळ, उंच कुत्री लहानपणापासून बघत आले. दुसरं कुठलं कुत्रं मनात भरतच नाही.

आता आम्ही तळेगावला राहतो. तळमजल्यावरचा फ्लॅट, मागे छोटी बाग, नवरा घरून काम करतो, मुलगी चौथीत आहे. पाच मिनिटांवर एक मोठं मैदान आहे, ते सकाळी लवकर अगदी मोकळं असतं.

अडचण अशी की 'ओरिजिनल मुधोळ', 'प्युअर कारवान' अशा जाहिरातींचा नुसता सुळसुळाट आहे, भावही वाट्टेल ते सांगतात. दुसरीकडे गावचे लोक म्हणतात, त्या जनावराला चार भिंतींत नेऊन त्याचे हाल करू नकोस. ज्यांनी खरंच पाळलाय त्यांनी मोकळेपणाने सांगा. पिल्लू कुठून घ्यावं, निवडताना काय बघावं, आणि मुळात आणावं का?

'लॅब्रेडॉर घ्या' हा सल्ला कृपया नको.

निमिष

लॅब्रेडॉर घ्या.

(पळालो!)

चिंतामणी

निमिष, पळून जाशील कुठे? धागा कारवानचा आहे.

मृण्मयीताई, थोडी पार्श्वभूमी देतो, जाहिराती पारखायला उपयोगी पडेल. मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातलं, घटप्रभेच्या काठचं गाव, पूर्वीचं घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या राजांनी या कुत्र्यांची निगुतीने पैदास केली म्हणून कर्नाटकात त्यांना मुधोळ हाउंड म्हणतात. आपल्याकडे सांगली-सोलापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात तोच कारवान. मध्य आशियातून काफिल्यांबरोबर दख्खनेत उतरलेल्या कुत्र्यांचा हा वंश, सलुकी या अरबी मुलखातल्या शिकारी कुत्र्याचा लांबचा भाऊबंद. कानाला आणि शेपटीला लांब रेशमी केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात.

कागदपत्रांत गोंधळ होतो तो इथे. केनेल क्लब ऑफ इंडिया 'कारवान हाउंड' म्हणून नोंद करतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणून. तेव्हा नाव वेगळं दिसलं म्हणून फसवणूक समजू नका. उलट नुसता कागद दिसला म्हणून भुलूही नका. खेड्यातल्या उत्तम कुत्र्यांपैकी बहुतेकांना कागद नसतोच.

२००५ मध्ये टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. २०१६ मध्ये लष्कराने काही पिल्लं मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्रे पाळा म्हणून सांगितलं. त्यानंतर चौकशा वाढल्या आणि चौकशांमागोमाग जाहिराती.

मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. ते या जातीवर काम करतात आणि पिल्लंही देतात. तिथे आधी चौकशी करा.

माणदेशी

ताई, सांगोला म्हणजे आमच्या शेजारच्याच की. आमच्याकडं आज्ज्यापासून कारवान आहेत. तीन गोष्टी सांगतो.

एक. पिल्लू बघायला जाऊ नका, पिल्लाची आई बघायला जा. बाप बाहेरगावचा असला तर चालतं, चांगला नर असंल तिथं लोक मादी घेऊन जातात, ही रीतच आहे. पण आईच दिसत नसंल आणि "ती रानात आहे, लांब आहे" असं ऐकू आलं तर चहा घ्यायचा आणि परत यायचं. आई समोर आली की आधी चालवून बघा. छाती खोल, पोट आत गेलेलं, कमरेची दोन हाडं वर दिसणार. एवढ्यावरनं तिला उपाशी समजू नका, बांधाच तसा आहे. कातडी मात्र तुकतुकीत पाहिजे, डोळ्यांत चिपडं नकोत.

मग तिचा स्वभाव. कारवानची मादी परक्याच्या अंगावर लाडानं उड्या मारणार नाही. चार पावलं लांब उभी राहून बघंल, मालक बोलला की मग जवळ येऊन वास घेईल. हे बरोबर. शेपूट पोटात घालून कोपऱ्यात थरथरत असंल, नाहीतर दात काढून अंगावर येत असंल, तर घरात लेकरू असताना त्या वेताचं पिल्लू नको.

दोन. ग्रेहाउंडची भेसळ. शर्यतींचा नाद वाढला तसं लोकांनी वेगासाठी ग्रेहाउंड लावायला सुरुवात केली. दोन महिन्यांच्या पिल्लात ते ओळखणं आम्हालाही जड जातं, म्हणून तर आई बघा म्हणतोय. भेसळीचं कुत्रं मांडीला गच्च भरलेलं दिसतं, सरळ पट्टीत सुसाट पळतं. पण चैतातल्या उन्हात मेंढरांमागं निम्मा दिवस चालायचं म्हटलं की बसतं. कारवान दिसायला कोरडा, पण दमाला पक्का.

तीन. वेतातलं सगळ्यात मोठं पिल्लू उचलायची घाई नको. आम्ही काय करतो, पिल्लं खेळत असताना मागं पितळी पाडतो. आवाजानं सगळी बिचकतात. बिचकल्यावर सगळ्यात आधी परत फिरून त्या पितळीचा वास घ्यायला जे येतं, ते आपलं. अजिबात न हललेलं घेऊ नका, ते ऐकू येत नसलेलंही असू शकतं.

रानवारा

माणदेशी, पितळीचा प्रकार फार आवडला.

पण या जातीबद्दल बोलताना एक विषय बाजूला राहतो, तो शिकारीचा. ही कुत्री ससा आणि काळवीट पळून धरण्यासाठीच घडवली गेली. आज १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. तरी जाहिरातींत 'आईबाप दोघेही शिकारीत एक नंबर' असं अभिमानाने लिहिलेलं असतं, सोबत व्हिडिओ. अशा माणसाकडून पिल्लू घेऊ नका. तुमचे पैसे त्या धंद्यात जातात.

आणि शर्यतींचंही तेच. जातीची वाट त्यांनीच लावली.

माणदेशी

शिकारीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आमच्या भागात काळवीट उरलंच किती? जे उरलंय ते जपायलाच पाहिजे.

शर्यतींचं मात्र अर्धंच मान्य. ससा बंद झाल्यावर हे कुत्रं शेतकऱ्यानं कशासाठी पोसायचं? राखणीला गावठी कुत्रं आहेच, ते कमी खातं. बऱ्याच घरांत कारवान टिकला तो शर्यतीच्या हौसेपायी. भेसळ केली ती जिंकायचीच घाई झालेल्यांनी. काही मंडळी अजून कारवानची शर्यत वेगळी लावतात, ग्रेहाउंडबरोबर सोडत नाहीत. तसं सगळीकडं झालं तर जात सुधरंल.

रानवारा

वेगळ्या गटात, योग्य अंतराची, उन्हात नाही, जिवंत सावज नाही, अशी शर्यत असेल तर माझा विरोध नाही. पण तशा किती?

माणदेशी

थोड्या. वाढवायला पाहिजेत.

भटकभवानी

मला राहवत नाही म्हणून लिहिते. रस्त्यावर इतकी पिल्लं पावसात कुडकुडत असताना 'जात' शोधत दोनशे-अडीचशे किलोमीटर जायचं? गावठी पिल्लू काटक असतं, हुशार असतं, आणि त्याला घराची गरज जास्त असते. मृण्मयी, राग मानू नका, पण एकदा विचार करा.

मृण्मयी_त

राग अजिबात नाही. आमच्या इमारतीखालच्या तीन कुत्र्यांचं खाणं आणि नसबंदी आम्ही शेजारी मिळूनच बघतो, आणि ते चालूच राहील. पण कारवानही याच मातीतला आहे. तो नीट पाळणारी घरं उरली नाहीत तर तो नुसत्या टपालाच्या तिकिटावर राहील. दोन्ही गोष्टी करता येतील असं मला मनापासून वाटतं.

भटकभवानी

हे ऐकून बरं वाटलं. मग माझी हरकत नाही. पण कारवानची पिल्लं काढायचा विचार नसेल तर त्याचीही नसबंदी करा.

पशुवैद्य

नसबंदीचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात महत्त्वाचं आधी. या प्रकारच्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. थायोपेंटोनसारखी भूल चरबीत शोषली जाऊन उतरते, शिवाय यांच्या यकृतात तिचा निचराही हळू होतो. त्यामुळे कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही, कधी दगावतं. ग्रेहाउंड, सलुकी, कारवान, तमिळनाडूतले राजापाळयम आणि चिप्पीपारई सगळ्यांनाच ही काळजी लागू. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की साइटहाउंडला, म्हणजे नजरेने शिकार करणाऱ्या अशा सडपातळ कुत्र्याला, आधी कधी भूल दिली आहे का आणि आता कोणती देणार. प्रोपोफॉल आणि आयसोफ्लुरेन यांना बरी मानवतात. शुद्धीवर येईपर्यंत पांघरूण घालून ऊब द्यायला सांगा, यांचं अंग पटकन गार पडतं.

दुसरं, रक्ताचे अहवाल. या कुत्र्यांत तांबड्या पेशींचं प्रमाण मुळातच जास्त आणि थायरॉइडची टी-४ पातळी कमी असू शकते. नेहमीच्या तक्त्याशी ताडून उगाच गोळ्या सुरू होतात. निरोगी असतानाच एकदा तपासणी करून तो कागद जपून ठेवा.

आता पिल्लाचं. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे त्याहून लहान पिल्लू विकताच येत नाही, आणि पैदास करून विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. पण नियम बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे. भावंडांबरोबर खेळतानाच चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू शिकतं. भाऊ कळवळून ओरडतो, खेळ थांबतो, याला समजतं. ते शिकायच्या आत पिशवीत घालून नेलेली पिल्लं पुढे हाताला, पायाला दात लावत राहतात.

पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांदरम्यान सुरू करायची आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. "एक टोचलीय, आता काळजी नाही" असं विकणारे सांगतात, ते धरून चालू नका. आईच्या दुधातून मिळालेली ताकद लसीला काम करू देत नाही, आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. रेबीजची लस तीन महिन्यांनी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला.

घरात आधी कुठलं कुत्रं पार्व्होने गेलं असेल तर जरूर सांगा. तो विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी.

सुलभामावशी

डॉक्टरसाहेब, फार उपयोगाचं लिहिलंत.

आमच्या सासरी जत भागात कारवान होते. त्यांना ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, मक्याच्या भरड्याची पेज आणि कधी अंडं. बाळंत कुत्रीला गूळ-बाजरी. एकही कधी डॉक्टरकडे गेलं नाही. आता दुकानातल्या त्या गोळ्यांच्या पिशव्या बघितल्या की प्रश्न पडतो, कुत्र्याला खरंच एवढं लागतं का?

पशुवैद्य

मावशी, तुमच्या भाकरीवर मी टीका करणार नाही, पिढ्यान्‌पिढ्या त्यावर कुत्री जगली आहेत. पण ती दिवसभर रानात असायची, उंदीर, घुशी, मेलेलं जनावर असं बरंच काही खायची. फ्लॅटमधल्या पिल्लाला निव्वळ भाकरी-दूध दिलं तर मांसजन्य आहार कमी पडतो आणि वाढत्या वयात हाडं वाकतात. भाकरी द्या, पण सोबत अंडं, उकडलेलं चिकन, काळीज थोडं. दूध बऱ्याच पिल्लांना जुलाब करतं. ताक किंवा दही बरं सोसतं. शिजवलेली हाडं देऊ नका, ती चिरफळतात आणि आतडं फाडतात. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट बंद.

आणि कॅल्शियमचं टॉनिक मनाने सुरू करू नका. पिल्लाच्या तयार खाण्यात ते आधीच मोजून घातलेलं असतं. वरून ओतलं तर पायांची वाढ बिघडते.

सुलभामावशी

काळीज आमच्याकडेही देत असत, ते लिहायचं राहिलं. बाकी पटलं.

केदार_हेग

मी नेदरलँड्सला असतो. आमच्याकडे कारवान नाही, पण त्याचा युरोपातला नातेवाईक आहे, स्पॅनिश गाल्गो. स्पेनमध्ये शिकारीचा हंगाम संपला की हजारो गाल्गो टाकून दिले जातात आणि इकडच्या संस्था त्यांना घरं शोधून देतात. आमची मादी तशीच आलेली. त्यामुळे 'फ्लॅटमध्ये हाल होतील का' यावर अनुभवाने बोलतो.

ही कुत्री दिवसभर पळत नाहीत. सकाळी एकदा जीव खाऊन पळतात, दहा-पंधरा मिनिटं, मग घरी येऊन सोफ्यावर अशी आडवी होतात की संध्याकाळपर्यंत घरात कुत्रं आहे हे विसरायला होतं. भुंकणं फार कमी. माझ्या शेजाऱ्यांचा छोटा टेरियर याच्या चौपट दमवतो. पण ती पंधरा मिनिटं चुकवता येत नाहीत. दोरीला बांधून फिरवणं ही त्याची भरपाई नव्हे. आठवडाभर पळायला मिळालं नाही की गाद्या फाडल्या जातात.

धोका एकच आणि मोठा आहे. ही नाकाने नाही, डोळ्यांनी शिकार करतात. लांबवर मांजर पळताना दिसलं की कान बंद होतात. कितीही शिकवलेलं असू दे, त्या क्षणी हाक पोचत नाही, आणि मध्ये रस्ता असेल तर रस्ताही दिसत नाही. म्हणून पट्टा सोडायचा तो पूर्ण कुंपण असलेल्या जागीच. मृण्मयी, तुमच्या मैदानाला कुंपण आहे का, हा माझ्या लेखी पिल्लू कुठून घ्यायचं याच्याइतकाच मोठा प्रश्न आहे.

मृण्मयी_त

तीन बाजूंना भिंत आहे. चौथ्या बाजूला फाटक आणि तुटलेली तार. मैदान एका शाळेचं आहे. विचारून बघते.

निमिष

केदार, सोफा कोणाचा हे ठरवताना वाद होतो का?

केदार_हेग

वाद होत नाही. निकाल आधीच लागलेला असतो. आम्ही खुर्च्या घेतल्या.

वकीलकाका

सोसायटीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सोसायटीला ठराव करून पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तुमची जबाबदारी म्हणजे लसींची नोंद, स्थानिक पालिकेचा परवाना आणि मागची घाण उचलणं. माझा सल्ला असा की पिल्लू येण्याआधीच शेजारच्या दोन घरांत जाऊन सांगा. नोटिशीपेक्षा चहा लवकर काम करतो.

पश्मीप्रेमी

आमच्याकडे पश्मी आहे, नाशिकला, दुसऱ्या मजल्यावर. दोन गोष्टी कुणी सांगत नाही त्या सांगतो.

पहिली, हात लावण्याबद्दल. ही कुत्री घरच्यांवर जीव टाकतात, पण परक्याचा हात त्यांना सोसत नाही. येणारा प्रत्येक पाहुणा "किती गोड!" म्हणत डोक्यावर हात ठेवायला जातो. पिल्लू असल्यापासून पाहुण्यांना सांगायचं: खाली बसा, हात पुढे धरा, ते येईल तेव्हा येईल. आणि पिल्लाला लहानपणीच वेगवेगळी माणसं दाखवायची. छत्रीवाला, हेल्मेटवाला, दाढीवाला, काठी घेतलेले आजोबा. लसी पुऱ्या व्हायच्या असल्या तर खाली न सोडता कडेवर घेऊन बाजारातून फिरवायचं. साडेतीन महिन्यांपर्यंत जे बघितलं ते त्यांना ओळखीचं वाटतं, त्यानंतरचं सगळं संशयास्पद.

दुसरी, थंडी. अंगावर चरबी नाही, केस विरळ. नाशिकच्या डिसेंबरात नुसतं फरशीवर झोपवलं तर कोपरांवर घट्टे पडतात आणि रात्रभर कुडकुडतं. जाड गोधडी हवीच. आमच्या आईने जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून जाकीट शिवलंय.

माणदेशी

आमच्याकडं पोत्याची झूल असती हिवाळ्यात. तेच की.

केदारभाऊंचं कुंपणाचं म्हणणं लाखमोलाचं. चार फुटाची भिंत ही कुत्री उभ्या उभ्या ओलांडतात. बागेचं कुंपण सहा फूट करून घ्या.

मृण्मयी_त

कळवायला बरेच दिवस लागले, पण आता सांगण्यासारखं आहे.

आधी तिम्मापूरला चौकशी करून नाव नोंदवलं होतं. तेवढ्यात माहेरच्या ओळखीतून मंगळवेढ्याजवळचं एक घर कळलं आणि माणदेशी दादांनी स्वतः येऊन सोबत केली. त्यांचे आभार कसे मानू? त्याआधी एका जाहिरातीवरून एका ठिकाणी गेलो होतो. तिथे आई दाखवली नाहीच, वर पिल्लं सहा आठवड्यांचीही नसावीत. चहाही न घेता परत आलो.

मंगळवेढ्याच्या घरी आई ओसरीवर उभी होती. काळसर तोंडाची, बदामी रंगाची. आम्ही आल्यावर उठली, लांबूनच आमच्याभोवती एक फेरी मारली आणि मालकीणबाईंच्या पायाशी जाऊन बसली. बाईंनी नाव घेतलं तशी येऊन माझ्या मुलीच्या तळहाताचा वास घेतला. पितळी दादांनी पाडली. दोन पिल्लं परत फिरली, त्यातली एक मादी सरळ पितळीतच जाऊन बसली. मग निवडायचं काय राहिलं?

बाईंनी पैसे घेतले पण अट घातली, पिल्लू कधी सांभाळणं झालं नाही तर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, त्यांच्याकडेच परत आणायचं. मला ही अट फार आवडली. नऊ आठवडे पूर्ण झाल्यावरच दिली त्यांनी.

मुलीने नाव ठेवलंय पितळी.

निमिष

पितळी! लॅब्रेडॉरचा सल्ला मी अधिकृतपणे मागे घेतो.

सुलभामावशी

गोड नाव. दृष्ट काढा.

मृण्मयी_त

पहिल्या काही रात्री रडली. तिच्या आईखालच्या गोधडीचा तुकडा बाईंनी बरोबर दिला होता, तो पेटीत ठेवला आणि पेटी आमच्या पलंगाशेजारी. त्यानंतर झोपायला लागली. आता चार महिन्यांची आहे, दुधाचे दात पडताहेत, खुर्च्यांचे पाय धोक्यात आहेत. गाजर फ्रिजमध्ये गार करून देते, तेवढ्यापुरता लाकडाचा विसर पडतो.

शाळेने मैदान द्यायचं कबूल केलंय, तार आम्ही आमच्या खर्चाने दुरुस्त करून देणार. आता प्रश्न: तिला पळवायला कधी सुरुवात करू? शेजारचे काका सायकलमागे पळवतात त्यांच्या कुत्र्याला.

पशुवैद्य

सायकलमागे इतक्यात अजिबात नको. हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण व्हायला साधारण सव्वा वर्ष लागतं. तोपर्यंत मोकळ्या मैदानात ती तिच्या मर्जीने पळेल तेवढं पळू दे, थांबली की थांबू दे. जबरदस्तीचं, एका गतीचं, डांबरावरचं पळणं टाळा. आणि खोल छातीच्या कुत्र्यांना जेवणानंतर लगेच पळवलं तर पोटाला पीळ बसण्याचा धोका असतो, तो जिवावरचा. आधी मैदान, मग विश्रांती, मग जेवण.

केदार_हेग

गळपट्टा बघून घ्या. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं. साधा पट्टा, एक झटका मागे दिला की डोक्यावरून निसटतो, आणि कुत्रं रस्त्यावर. चार बोटं रुंद, ओढला की घट्ट होणारा पण गळा न आवळणारा मार्टिंगेल पट्टा मिळतो, तोच घ्या.

पश्मीप्रेमी

आणि पावसाळ्यात रोज रात्री कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. केस विरळ असल्याने पटकन सापडतात, हा एक फायदा. ताप, नाकातून रक्त, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर घरगुती उपाय न करता रक्त तपासा.

डोंबिवलीकर_अ

सगळा धागा एका बैठकीत वाचला. आम्ही दोघंही नोकरीला, सकाळी साडेसातला बाहेर पडतो ते संध्याकाळी सातला घरी. तिसरा मजला, एक बेडरूम. जवळ मैदान नाही, पण शनिवार-रविवारी बदलापूरच्या फार्महाउसवर नेऊ शकतो. कारवान फार आवडलाय. आणावा का?

मृण्मयी_त

मनापासून सांगते, सध्या नको. माझा नवरा दिवसभर घरी असतो म्हणून हे जमतंय. पितळी तो दिसेनासा झाला की दाराशी जाऊन उभी राहते, बसतही नाही. अकरा-बारा तास एकटं पिल्लू, आणि पळणं आठवड्यातून दोनदा, हे या जातीला पुरणार नाही. तुमच्या फार्महाउसवर घरचं कुणी कायम राहणारं असेल तर गोष्ट वेगळी.

माणदेशी

ताईंनी बरोबर सांगितलं. दादा, आवड आहे तर तोवर एखाद्या रविवारी आमच्याकडं या, कुत्री बघा, त्यांच्याबरोबर माळावर फिरा. तुमच्यापैकी एकजण घरी राहायला लागला की कळवा, आई बघायला मी घेऊन जातो.